सुझौच्या बागा आणि आपलं खोपोलीचं तळं

मंडळी, पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण १५ ऑगस्टची ग्रामसभा तोंडावर आली आहे आणि मला जे सांगायचंय ते त्याआधी तुमच्यापर्यंत पोचायला हवं. तेव्हा चहा घेऊन बसा आणि सावकाश वाचा.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या कामासाठी मी दोन आठवडे चीनमध्ये होतो. एका मशीनची तपासणी करायची होती आणि ते मशीन बनत होतं सुझौ नावाच्या शहरात. शांघायहून सुझौ साधारण १०० किलोमीटर, म्हणजे आपलं कर्जत ते सीएसएमटी. फरक एवढाच की तिथली गाडी अर्ध्या तासात पोचवते. हे वाचून आपले रोजचे लोकलवाले मनात काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, पण आजचा विषय तो नाही.

सुझौ जिआंगसू प्रांतात येतं. यांगत्से नदीच्या मुखाजवळचा सपाट, पाणथळ मुलूख. भात, मासे, रेशीम आणि जिकडे तिकडे कालवे. गाडीच्या खिडकीतून पिकलेली भातखाचरं दिसली तेव्हा क्षणभर वाटलं की नेरळच्या पुढे आलोय. शहर मात्र अडीच हजार वर्षांचं. इसवी सनापूर्वी ५१४ मध्ये वू नावाच्या राज्याची राजधानी म्हणून ते वसवलं, असं तिथला इतिहास सांगतो. सगळ्या जगात ते ओळखलं जातं त्याच्या बागांसाठी. त्यातल्या चार बागा १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या आणि २००० मध्ये आणखी पाच.

रविवारी सुट्टी होती, म्हणून त्यातली सगळ्यात मोठी बाग बघायला गेलो. इंग्रजीत तिच्या नावाचा अर्थ ‘नम्र कारभाऱ्याची बाग’ असा होतो. आमच्या गाइडनं हसत हसत सांगितलं की चिनी नावात एक टोमणा आहे: ज्याला राज्यकारभार जमला नाही, त्याची बाग. वांग शियानचेन नावाचा एक सरकारी अधिकारी नोकरीला कंटाळून घरी परतला आणि १५०९ च्या सुमारास त्यानं ही बाग करायला घेतली. दरबार जमत नसेल तर माणसानं झाडांना पाणी घालावं, भाजी पिकवावी, तोच त्याचा कारभार, असा त्या नावामागचा भाव. पुढे त्याच्या मुलानं ती बाग जुगारात घालवली असं सांगतात. म्हणजे बापजाद्यांची जमीन फुंकणं ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही.

बाग तेरा एकरांच्या आसपास आहे. मधोमध पाणी, त्यावर वाकडेतिकडे दगडी पूल, पांढऱ्या भिंती, काळी कौलं. एका जागी गाइडनं आम्हाला थांबवलं आणि पश्चिमेकडे बोट दाखवलं. तळ्याच्या पाण्यापलीकडे, झाडांच्या वर, एक नऊ मजली मनोरा दिसत होता. मला वाटलं तो बागेतच आहे. तो म्हणाला, नाही, तो बागेबाहेर शहरात आहे, एका जुन्या बौद्ध मंदिराचा. बाग करणाऱ्यानं तळं आणि झाडं अशी मांडली की लांबचा मनोरा बागेतलाच वाटावा. याला ते ‘उसना देखावा’ म्हणतात. दुसऱ्याच्या मालकीचं दृश्य उसनं घ्यायचं आणि आपल्या अंगणात आणायचं.

मी इंजिनिअरिंगचा माणूस. माझ्या डोक्यात लगेच दुसराच प्रश्न आला. बाग आणि मनोरा यांच्या मधे जी घरं, दुकानं आहेत, त्यातल्या एकानं जरी दहा मजली टॉवर उभा केला तरी हा देखावा संपला. मग कुणी कसा नाही केला? गाइड म्हणाला, करता येत नाही, जुन्या शहरात इमारतीला २४ मीटरची मर्यादा आहे. १९८६ मध्ये सुझौचा जो विकास आराखडा मंजूर झाला त्याचं सूत्र होतं की जुनं शहर पूर्ण राखायचं आणि नवं शहर बाजूला बांधायचं. त्याप्रमाणे पश्चिमेला नवं शहर झालं आणि १९९४ पासून पूर्वेला सिंगापूरच्या भागीदारीत औद्योगिक वसाहत उभी राहिली. तिथल्या काचेच्या इमारती बघून मान दुखते. मी ज्या कारखान्यात कामाला गेलो होतो तो त्याच वसाहतीत होता. म्हणजे विकास थांबला नाही. तो कुठे करायचा ते आधी ठरलं होतं.

तिथल्या जुन्या कन्फ्यूशियस मंदिरात एक उंचच उंच शिळा आहे. तिच्यावर सगळ्या शहराचा नकाशा कोरला आहे, साल १२२९. रस्ते, कालवे, देवळं, सरकारी कचेऱ्या, तीनशेच्या वर पूल. हा नकाशा घेऊन आजच्या जुन्या शहरात फिरलात तरी मुख्य कालवे आणि रस्ते सापडतात. १२२९ म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांच्या जन्माच्याही आधीचा काळ. तेव्हा कुणाला तरी वाटलं की शहरात काय काय आहे ते दगडावर लिहून ठेवावं.

आता तुम्ही म्हणाल, चिनी लोक भारी, आपण भिकार, एवढंच सांगायला लिहितोय का? तसं नाही. सुझौचा इतिहास काही गोडगोड नाही. १८६० मध्ये ताइपिंग बंडखोरांनी शहर घेतलं, त्या लढायांत शहराची धूळधाण झाली. जपानशी युद्ध झालं त्या काळात एका प्रसिद्ध बागेत घोडे बांधले जात होते. १९५८ मध्ये तर सरकारनंच शहराची जुनी तटबंदी बहुतेक पाडून टाकली. १९९० नंतर जुन्या शहराच्या मधून एक रुंद रस्ता आरपार काढला, त्यात कितीतरी जुनी घरं गेली. म्हणजे चुका त्यांनीही केल्या आणि मोठ्या केल्या. पण बागा पुन्हा उभ्या करता आल्या. कारण काय होतं ते माहीत होतं. ‘नम्र कारभाऱ्या’च्या बागेची तर १५३३ मध्येच वेन झेंगमिंग या चित्रकारानं ३१ जागांची चित्रं काढून ठेवली होती. १९५० नंतरच्या दुरुस्त्यांच्या काळात वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकांनी बागा फूटपट्टी लावून मोजल्या, नकाशे काढले, पुस्तकं छापली. ज्याची नोंद आहे ते मोडलं तरी पुन्हा बांधता येतं, हे मी सुझौला शिकलो.

परतण्याआधी एक दिवस नानजिंगला गेलो. जिआंगसूची राजधानी, एके काळी सगळ्या चीनची. तिथला शहराचा तट चौदाव्या शतकातला, मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाच्या काळातला. मूळ लांबी सुमारे ३५ किलोमीटर, त्यातला २५ च्या आसपास अजून उभा आहे. त्या तटाच्या विटा जवळून बघा, असं सोबतचे सहकारी म्हणाले. बघितल्या. विटेवर अक्षरं उमटवलेली. कुठल्या जिल्ह्यातून वीट आली, तिथला जबाबदार अधिकारी कोण, भट्टीवाला कोण, वीट पाडणारा कोण. वीट कच्ची निघाली तर कुणाला धरायचं ते विटेवरच लिहिलेलं. सहाशे वर्षांपूर्वी! आपल्याकडे रस्ता पहिल्या पावसात वाहून गेला तर कंत्राटदाराचं नाव शोधायला माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा लागतो.

परतीच्या विमानात मला राहून राहून खोपोलीचं तळं आठवत होतं.

वीरेश्वराचं मंदिर आणि त्याच्यासमोरचं दगडी तळं आपण सगळे लहानपणापासून बघतो. नाना फडणवीसांनी बांधलं एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण तिथेच का बांधलं याचा विचार आपण करत नाही. पूर्वी मुंबईहून पुण्याला जायचं तर होडीनं पनवेल, मग चौक, खालापूर, खोपोली आणि तिथून बोरघाट चढून खंडाळा. खोपोली हे घाटाच्या पायथ्याचं शेवटचं गाव. पुढे अठराशे फुटांच्या आसपास चढ. ओझ्याचे बैल, हमाल, पालखीचे भोई, शिपाई, यात्रेकरू सगळे तिथेच थांबणार, पाणी पिणार, जनावरांना पाजणार आणि मग घाटाला लागणार. वैशाखातल्या दुपारी घाट उतरून आलेल्या बैलाला त्या तळ्याचं मोल काय असेल, ते तोच जाणे. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम ही इंग्रज लेखिका मुंबईहून कार्ले आणि पुण्याकडे याच वाटेनं गेली. इंग्रज त्या काळी खोपोलीला ‘कॅम्पोली’ म्हणत. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या तळ्याचा आणि मंदिराचा उल्लेख आहे. ठाणे जिल्हा म्हणायचं कारण तेव्हा कर्जत तालुका ठाण्यात होता.

नाना म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, जन्म १७४२, मृत्यू १८००. त्यांचा हुद्दा फडणीस. फडणीस म्हणजे दफ्तर आणि हिशेब सांभाळणारा. कुठल्या किल्ल्याला किती दाणा गेला, कुठल्या देवळाला किती नेमणूक, कुणाला किती पगार, सगळं कागदावर. पेशवे दफ्तराचे लाखो कागद आज पुण्यात आहेत, त्यांच्या जोरावर आपण पेशवाईचा इतिहास सांगतो. तो सुझौचा कारभारी कारभाराला विटला आणि स्वतःसाठी चार भिंतींच्या आत बाग करून बसला. आपल्या कारभाऱ्यानं पुण्यात बेलबाग केली, वाईजवळ मेणवलीला वाडा आणि घाट बांधला, आणि घाटाखाली वाटेवर तळं बांधलं. वाटेवरचं तळं मला जास्त मोठं वाटतं.

पण इथे खरं बोलायला हवं. ‘वाटसरूंसाठी’ म्हणताना त्या काळी सगळे वाटसरू त्यात धरले जात नव्हते. पाण्यालाही जात होती. आपल्याच जिल्ह्यात महाडला, २० मार्च १९२७ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. नंतर ते प्रकरण कोर्टात गेलं. तळं खासगी की सार्वजनिक, अस्पृश्यांना पाणी न देण्याची चाल खरंच अनादी काळापासूनची आहे का, यावर दहा वर्षं वाद चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाल सत्याग्रहींच्या बाजूनं लागला. म्हणजे तळं कुणाचं आहे हे ठरवायलासुद्धा शेवटी कागद आणि पुरावा लागला. तोंडी परंपरा ज्याच्या हातात सत्ता त्याची. नोंद असली तर दुबळ्या माणसालाही तिच्यावर बोट ठेवता येतं.

घाटाची ही वाट नानांपेक्षाही कितीतरी जुनी. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांत उतरलेला माल याच डोंगरातून वर जायचा. म्हणून तर या वाटांच्या आजूबाजूला कार्ले, भाजे आणि आपलं कोंढाणे अशी लेणी आहेत. राजमाचीच्या पायथ्याशी उल्हासच्या खोऱ्यात असलेलं कोंढाणे हे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचं. पावसाळ्यात तिथल्या धबधब्याखाली रील काढायला गर्दी होते. पुढच्या वेळी गेलात तर चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका भग्न यक्षमूर्तीजवळ ब्राह्मी अक्षरांची एक ओळ आहे ती शोधा. तिचा अर्थ असा, की कान्हाचा शिष्य बलक यानं हे केलं. राजाचं नाव नाही, दात्याचं नाही, छिन्नी धरणाऱ्याचं नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कर्जत तालुक्यातल्या एका कारागिरानं आपल्या कामाखाली सही केली. नानजिंगच्या विटा बघताना मला हा बलक आठवला आणि खरं सांगतो, छाती भरून आली.

आणि त्याच्या उलट बघा. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, तो गव्हर्नर माल्कम यांनी खुला केला. १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत रेल्वे आली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट होईपर्यंत लोक खोपोलीला उतरायचे, डोलीत नाहीतर तट्टावर बसून खंडाळ्याला जायचे आणि पुन्हा गाडीत बसायचे. १८६३ मध्ये घाटातली रेल्वे पुरी झाली. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले, त्याचं नाव पुस्तकात आहे. पण एका वेळी चाळीस हजारांच्या वर मजूर तिथे राबत होते. कॉलऱ्यानं, सुरुंगांनी, दरडींनी हजारो माणसं गेली. त्यातल्या किती जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत? आपण रोज त्या बोगद्यांतून जातो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बलकचं नाव आहे आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांचं नाही.

नोंदीचा उपयोग काय, याचं घरचं उदाहरण उंबरखिंडीचं. २ फेब्रुवारी १६६१ ला शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज खालापूर तालुक्यातल्या त्या खिंडीत कोंडली. ती लढाई कवींद्र परमानंदानं शिवभारतात लिहून ठेवली, म्हणून आपल्याला माहीत आहे. आज चावणी गावाजवळ स्मारक आहे, दर वर्षी २ फेब्रुवारीला पोरं मशाली घेऊन जातात. परमानंदानं लिहिलं नसतं तर ती एक झाडीतली खिंड राहिली असती, आणि आजच्या भावात तिचे प्लॉट पडले असते.

हे उगाच नाही म्हणत. आमच्या गावाजवळ जुन्या वाटेच्या कडेला एक दगडी डोण होती. एकाच पाषाणात कोरलेली, बैलांना पाणी पाजायची. तिच्याशेजारी एक वीरगळ. खालच्या भागात लढणारा वीर, वर शिवपिंडीची पूजा करणारा, बाजूला चंद्र-सूर्य. माझी आजी शिमग्याला तिथे नारळ ठेवायची. वीर कुणाचा ते तिलाही ठाऊक नव्हतं, पण “आपल्या गावासाठी गेलेला माणूस आहे” म्हणायची. मी चीनहून आलो आणि दोन महिन्यांनी त्या बाजूला गेलो तर कंपाऊंड उभं होतं. जमीन विकली गेली होती, जेसीबीनं सपाटीकरण झालं होतं. डोण आणि वीरगळ भरावात गेली की ट्रकमधून बाहेर गेली, कुणालाच सांगता येईना. मी चिडून चौकशी केली. व्यवहार कायदेशीर होता. विकणाऱ्यानं फसवलं नाही, घेणाऱ्यानं चोरी केली नाही. सातबाऱ्यावर विहीर असते, झाड असतं, बोजा असतो. डोण आणि वीरगळ कुठेच नव्हते. जे कागदावरच नाही ते जेसीबीवाल्यानं तरी कसं ओळखावं?

त्या दिवशी मला सगळ्यात जास्त राग माझाच आला. सुझौमध्ये मी चारशे फोटो काढले होते. त्या डोणीचा माझ्याकडे एक फोटो नव्हता.

आता पुढे काय येतंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. २००२ मध्ये एक्सप्रेस वे पूर्ण झाला आणि मुंबई-पुणे आपल्या अंगणातून जायला लागलं. पनवेल-कर्जत नवी लोकल आली की मुंबईचं आणखी एक दार इथे उघडणार. फार्महाऊस, सेकंड होम, रिसॉर्ट, गोदामं, सगळं वाढणार. मी विरोधात नाही. माझं घर कारखान्यावर चाललं, आणि खोपोलीनं कारखाने काही आज बघितले नाहीत. १९१५ पासून लोणावळ्याच्या तलावांचं पाणी पाइपांतून खाली खोपोलीच्या वीजघरात येतंय आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. ते वीजघरही आता इतिहासच आहे. माझं म्हणणं एवढंच, की भराव टाकण्याआधी खाली काय आहे ते लिहून ठेवा.

आणि उसना देखावा आपल्याकडे काय कमी आहे? खोपोलीतून वर बघितलं की नागफणी. कर्जतला एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन. चौकातून इर्शाळ आणि प्रबळ. प्लॉटच्या जाहिरातीत ‘माउंटन व्ह्यू’ म्हणून हेच विकलं जातं. सुझौची जाळी विणणाऱ्याची बाग तर जेमतेम पन्नास-पंचावन्न गुंठ्यांत बसते, आपल्याकडच्या एखाद्या फार्महाऊसएवढी. तेवढ्यात त्यांनी जगाला वेड लावलं. पण आपल्याकडे प्रत्येक नवी इमारत मागच्याचा डोंगर खाते. माथेरानला २००३ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचं संरक्षण आहे. बाकीच्या डोंगरांच्या देखाव्याला कुणी वाली नाही.

काही मित्र म्हणतात, “अरे, चीनमध्ये हुकूम सुटला की काम होतं, आपल्याकडे लोकशाही आहे.” मला हे पटत नाही. हुकूम सुटला म्हणूनच सुझौचा तट पडला होता. तिथल्या माणसाला विचारलं नव्हतं. आपल्याला तर विचारतात! ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरते: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. नगरपालिकेचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. वारसा स्थळांची यादी करायची तरतूद राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीत आहे. आपण त्या सभेला जात नाही, ती सूचना वाचत नाही आणि नंतर ग्रुपवर रडके इमोजी टाकतो. मीही त्यातलाच होतो.

गेल्या वर्षी रायगडासह १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले असं आपण अभिमानानं स्टेटसला ठेवतो, आणि ठेवायलाच हवं. त्यांच्याकडे आता जग लक्ष देईल. कोंढाण्यालाही पुरातत्त्व खातं आहे. पण गावातली बारव, वेशीतला मारुती, पाणंद, जुन्या घाटवाटेचे फरसबंदीचे तुकडे, इंग्रजी काळातले मैलाचे दगड, सतीशिळा, वीरगळ, आदिवासी वाड्यांवरचे वाघदेव यांच्याकडे युनेस्को येणार नाही. ते आपणच बघायचं.

म्हणून मागणं साधं आहे. येत्या १५ ऑगस्टच्या आत आपापल्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या पाच जुन्या गोष्टी निवडा. प्रत्येकीचा फोटो, मोबाइलवरचं लोकेशन, गट नंबर, आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तिच्याबद्दल काय आठवतं ते चार ओळींत. माहिती नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा, पण खोटा इतिहास जोडू नका. प्रत्येक दगड महाराजांच्याच काळातला असायला पाहिजे असं नाही. वाड्यांवर गेलात तर ठाकूर-कातकरी म्हाताऱ्यांना आधी विचारा, डोंगरातल्या वाटा त्यांच्याएवढ्या कुणालाच ठाऊक नाहीत. ही यादी ग्रामसभेत मांडा, तिची नोंद ठरावाच्या वहीत करायला लावा आणि सही-शिक्क्याची प्रत घ्या. खोपोली, कर्जत, खालापूरवाल्यांनी नगरपालिकेच्या, नगरपंचायतीच्या आवक-जावकला द्या आणि पोच घ्या. खर्च शून्य. आणि खाली लिहिणाऱ्यांची नावं घाला. बलकनं घातलं होतं, तुम्हीही घाला.

मी माझ्या गावची यादी केली आहे. चार नोंदी आहेत: एक बारव, एक मैलाचा दगड, वेशीतला मारुती आणि जुन्या वाटेचा साठ-सत्तर पावलांचा फरसबंदीचा तुकडा. पाचवी नोंद डोणीची आणि वीरगळाची. तिथे फोटोची चौकट रिकामी ठेवली आहे आणि खाली लिहिलंय, “२०१८ पर्यंत इथे होती. कुणाकडे जुना फोटो असल्यास कळवावे.” लग्नाच्या, वरातीच्या, शिमग्याच्या जुन्या अल्बममध्ये मागे कुठेतरी ती डोण आली असेल. तेवढं एकदा बघा.